माळ्यावरून पडलेली माणसं

मु. वडाचीवाडी, पो. धसई
२६ नोव्हेंबर १९६४

गोजरे,

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन म्हणत होता, आजी, वाचून दाखवू का? म्हटलं, माझं मला येतं, तू तुझ्या सायकलीची हवा बघ. अक्षरं लावता लावता दुपार गेली, पण लावली. तुझ्या पाटीवर तुझ्याबरोबर गिरवली होती ती फुकट गेली नाय.

आता सरकारनं मोडलेली हाडं मोजायला काढली म्हणायची. देवी मोजल्या, हिवताप मोजला, ते कळतं. एकाचं दुसऱ्याला लागतं. पण कोण कुठे पडला, कोणाचा हात भाजला, कोणाला कोयता लागला, हे दारोदार विचारत फिरायला तुला नर्स केली होती का? तुझी आई असती तर म्हणाली असती, पोरगी शिकली आणि पंचाइती करत फिरते. मी म्हणत नाय. मी फक्त विचारते.

तू लिहितेस की डॉक्टरला जयराममामाचं सांगितलंस, आणि मामासाठीच हे काम मागून घेतलंस. मामासाठी काय करायचं ते मी करते आहे. दोन साल झाली, खाटेवर आहे. कमरेखालचं अंग दुसऱ्या कोणाचं असावं तसं पडून असतं. माळ्यावरून पडला, पाठ गेली, संपलं. त्याच्यात शोध कसला लावता? माळ्यावर चढू नका, हा शोध मी तुमच्या डॉक्टरला असाच देते, कागद नको नि जीप नको.

मामाचं नाव तुझ्या कागदात घालू नको. त्याला आवडायचं नाय. मला तर नायच.

जयरामाच्या धाऊला मिसरूड फुटलंय. बापाचा कोयता काढून दगडावर घासत बसतो. पौषात राबाला टाहाळ आणायला आता तोच जाणार. शहापुरात राहून विसरली असशील म्हणून सांगते, झाडाच्या फांद्या छाटून, वाळवून, पसरून जमीन भाजल्याशिवाय भाताचं रोप धरत नाय. मागल्या साली भावकीनं दोन-दोन भारे दिले. या साली सगळ्यांची तोंडं दुसरीकडे. तेव्हा धाऊ जाईल. बाप गेला होता, आजा गेला होता, तोही जाईल.

तू वेळेवर जेव. फिरतीच्या बायका चहावर राहतात आणि मग चक्कर येऊन पडतात. त्याची पण नोंद करता का गो?

सकुबाई


शहापूर
९ डिसेंबर १९६४

ती. आजीला,

गोजरचा नमस्कार. मी जेवते, काळजी करू नकोस. पंचाइतीबद्दल बोललीस ते डॉक्टरांना सांगितलं. खूप हसले. म्हणाले, अगदी बरोबर, आपण पंचाइतीच करतो.

पण तुला नीट सांगते. ताप आला की आपण विचारतो, पाणी कुठलं, डास कुठले. माणूस पडला की म्हणतो, त्याचं नशीब. डॉक्टरांचं म्हणणं, पडण्यालाही कारण असतं आणि ते एकट्याला विचारून कळत नाही. पुष्कळ घरांत विचारलं की ठरावीक जागा, ठरावीक काम, ठरावीक माणसं दिसायला लागतात. ती दिसली की पुढचा माणूस वाचवता येतो.

आणि आजी, दिसायला लागलंय. आम्ही डोळखांबच्या बाजूचे पाडे फिरतो आहोत. भाजतात ती पोरं आणि बायका, चुलीपाशी. पायाला विळा लागतो तो कापणीत. पण जी माणसं कायमची मोडून बसली आहेत, पाठ, मांडी, खुबा, ते सगळे पुरुष, आणि सगळे एकच सांगतात: माळ्यावरून पडलो. डॉक्टर तर हरखून गेले आहेत. माळ्याला कठडा आणि हलणार नाही अशी शिडी, याचं त्यांनी चित्र काढलंय. एक घर नमुन्याला हवं होतं. मी म्हटलं, माझ्या आजीचं घर घ्या. मामा कुठून पडला ती जागा त्यांना बघायची आहे, मापं घ्यायची आहेत. नाताळच्या सुट्टीआधी आम्ही जीपने येऊ.

एकच गोष्ट मला कळत नाही. माळ्यावर दिवसातून दहादा चढतात त्या बायका. मग पडतात ते फक्त पुरुष, असं का? डॉक्टर म्हणतात, पुरुष निष्काळजी असतात. तुला काय वाटतं?

धाऊला सांग, त्याच्यासाठी स्वेटर विणते आहे.

तुझी,
गोजर


वडाचीवाडी
१५ डिसेंबर १९६४

गोजरे,

पुरुष निष्काळजी असतात हे कळायला डॉक्टरला एवढे पाडे तुडवावे लागले? त्याची बायको त्याला घरबसल्या सांगेल.

येऊ नको. घर सारवायला काढलंय. जयरामाला ताप आहे. बाईजा माहेरी गेलीय, घरात सून नाय तर पाहुण्यांचं कोण करणार? यातलं कुठलंही एक कारण डॉक्टरला सांग, तुला आवडेल ते.

आमच्या माळ्याचं चित्र काढून न्यायचं काय कारण नाय. जसा सगळ्यांचा माळा तसा आमचा. वर भाताच्या कणग्या, खाली आमी. मी या वयात सुपं काढायला चढते आणि उतरते. कठडा लावून दिलात तर मी त्याच्यावर गोधड्या वाळत घालीन.

आणि जीप तर आणूच नको. धसईला रानाचा नवा गार्ड आलाय. पोरसवदा आहे, अंगावरचा कपडा अजून कडक आहे, म्हणून वाकत नाय. वाडीत गाडी शिरली की मागोमाग येतो, कोण आलं, कशाला आलं बघायला. आल्यासारखा मग परसातली लाकडं बघतो, कोयत्याची धार बघतो, पोरांची खरचटलेली ढोपरं बघतो. पौष तोंडावर आलाय. आता वाडीत कोणाला पाहुणे नको आहेत.

पत्रात यापेक्षा जास्त लिहीत नाय. तुला लहानपणी न सांगता कळायचं. शिकल्यावर काय झालं ते देव जाणे.

सकुबाई


शहापूर
२ जानेवारी १९६५

आजी,

तू नको म्हणालीस आणि आम्ही आलो. रागावली आहेस हे माहीत आहे. निदान जीप धसईला ठेवून चालत आलो, एवढं तरी मोज.

तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. डॉक्टरांनी विचारलं, कुठून पडले? तू बोट वर केलंस, पण वर बघितलं नाहीस. डॉक्टर माळ्याखाली उभे राहिले, हात वर केला, आणि त्यांचा तळवा सरळ माळ्याच्या फळीला लागला. त्यांनी खिशातून टेप काढली होती. तशीच परत ठेवली. मग तू म्हणालीस, जयराम प्यायला होता म्हणून एवढं लागलं. मामाने जन्मात दारूला हात लावलेला नाही. तो भिंतीकडे बघत होता. धाऊ उठून बाहेर गेला. बाईजामामी माहेरी नव्हती, चुलीपाशीच होती, आणि मामाला ताप नव्हता, मी हात लावून बघितलं.

 

त्यानंतर डोळखांबच्या वर एका पाड्यात गेलो. पोश्या म्हणून एक माणूस, मांडीचं हाड वाकडं जुळलेलं. त्याची बायको ठकू दारात बसून नाचणी पाखडत होती. मी विचारलं, कशावरून पडला? ती म्हणाली, माळ्यावरून. मी लिहिलं. लिहून झाल्यावर सहज वर बघितलं. वर सरळ पेंढ्याचं छप्पर. आजी, त्या झोपडीला माळाच नाही.

ठकूने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तिने शब्द मागे घेतला नाही. इतकंच म्हणाली, "असंच सांगायचं असतं, बाई."

शहापूरला येऊन मी एक गोष्ट पडताळून बघितली. सगळे पौष-माघात पडले आहेत. माळ्यावर चढउतार बारा महिने असते. पौष-माघात काय असतं ते मला तू शिकवलंस.

मामा झाडावरून पडला ना? मलाही खोटं सांगितलंत. मी त्याच खोट्यावर हे काम मागून घेतलं, डॉक्टरांपुढे मामाचंच उदाहरण दिलं. आता तालुक्यातल्या माळ्यांना कठडे लागतील आणि माणसं पडत राहतील.

मी अजून डॉक्टरांना बोलले नाही. आधी तू सांग. आणि धाऊला चढू देऊ नकोस.

गोजर


वडाचीवाडी
९ जानेवारी १९६५

गोजरे,

हे वाचून चुलीत घाल.

झाडावरून पडला. सिद्धगडाच्या अंगाला सरकारी रानात, आईनाच्या झाडावरून. आमच्या स्वतःच्या डोंगरउतारावरच्या वरकसातली झाडं दर साली छाटून नुसते खुंट राहिलेत, त्यांना टाहाळ कसला येतो? सगळी वाडी सरकारी रानात जाते. उजाडायच्या आत चढायचं, उजाडताना भारा घेऊन घरी. उन्हाबरोबर गार्ड येतो. सापडला तर भारा जातो, कोयता जातो, आणि माणसाच्या कमरेला दोर बांधून त्याला मुरबाडला नेतात.

तुझ्या आज्याला तसा नेला होता. बाजाराच्या दिवशी, धसईच्या भर बाजारातून, कमरेला काढणीचा दोर, त्याचं शेपूट दुसऱ्याच्या हातात. मी भाजी घेऊन बसले होते. त्यानं माझ्याकडे बघितलं नाय, मी त्याच्याकडे. सोडल्यावर घरी आला, जेवला, शेतावर गेला. पण मरेपर्यंत त्या बाजारात पाय ठेवला नाय. मीठ-मिरची मी आणायची.

तेव्हापासून या वाडीत झाडावरून कोणी पडत नाय. माळ्यावरून पडतात. कोणी बसून ठरवलं नाय. एकानं सांगितलं, चाललं, मग दुसऱ्यानं सांगितलं. डोळखांबच्या लोकांना पण हेच सुचलं हे मला तुझ्याकडून कळतंय.

जयराम पडला तेव्हा बरोबरच्यांनी त्याला दुमडून पाठीवर घेतला, मेंढरू आणतात तसा, आणि ओढ्यातून मागच्या दारानं आणला, कोणी बघू नये म्हणून. मी त्याला माळ्याखाली ठेवायला सांगितला. शिडी लाथेनं पाडली. मग बाहेर येऊन लोकांना हाक मारली. तो ओरडत होता. मी त्याला म्हटलं, ओरडायचं तर माळ्याचं नाव घेऊन ओरड. त्यानं तसं केलं. शहाणा आहे.

तुला का सांगितलं नाय विचारतेस. तू ठाण्याला शिकत होतीस, तिथे सांगून तू काय रान विकत घेणार होतीस?

आता डॉक्टरला सांगायचं का नाय ते तू बघ. सांगितलंस आणि गार्ड दारात आला तर धाऊच्या कमरेला दोर लागेल. नाय सांगितलंस तर धाऊ पहाटेचा त्याच झाडांवर असेल जिथून बाप पडला. दोन्हीकडे धाऊच आहे. चढू देऊ नको म्हणतेस. मग राब कशाचा भाजू, तुझ्या स्वेटरचा?

काय उपाय असेल तर लिही. रडगाणं लिहू नको, मला ते वाचायला वेळ लागतो.

सकुबाई


शहापूर
१८ जानेवारी १९६५

आजी,

पत्र चुलीत घातलं. डॉक्टरांना सांगितलं, पण नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. त्यांना ते विचारायची गरज पडली नाही, कारण त्यांचा हात माळ्याला लागला होता.  मग कठड्याचं चित्र घडी करून ठेवलं आणि म्हणाले, लोक खोटं बोलले नाहीत, आपण असा प्रश्न विचारला की खरं सांगणाऱ्याला शिक्षा होते.

मग आम्ही त्याच पाड्यांत पुन्हा गेलो. पेन बाहेर काढलं नाही. कुठून पडलात हे विचारलंच नाही. पाय कशावर होता? उजेड होता का? खोड ओलं होतं का? घाई होती का? लोक बोलायला लागले. ठकूने तर नवऱ्याला बोलू दिलं नाही, सगळं तिनेच सांगितलं.

आजी, जवळजवळ सगळे सूर्य उगवायच्या आत पडले आहेत. सालीवर दव, पाय मागल्या साली तोडलेल्या जागी फुटलेल्या कोवळ्या फांदीवर, आणि कान गार्डच्या चाहुलीकडे. जे आपल्या वरकसात भर दिवसा छाटतात ते क्वचितच पडतात. झाडं तीच, माणसं तीच. फरक पडतो भीतीने आणि घाईने.

डॉक्टर वर लिहिणार आहेत की पौष-माघात लोकांना दिवसाउजेडी टाहाळ तोडू द्यावा. उत्तर या हंगामात यायचं नाही. तोवर त्यांनी एक दोर करून घेतलाय. कमरेला बांधायचा, वरच्या जाड बेचक्यातून घालायचा, खाली खोडाला वेढे देऊन गाठ मारायची. पाय सुटला तरी माणूस लोंबकळेल, जमिनीवर येणार नाही. भाजीच्या गाडीवरचा काळूराम तुला दोर आणून देईल. धाऊला मी सांगितलंय म्हणून सांग.

आणखी एक. कोणी पडलंच तर त्याला पाठीवर घ्यायचं नाही, दुमडायचं नाही, बसवायचंही नाही. दाराची फळी काढून आणायची, सरळ निजवायचं, चौघांनी उचलायचं. हे वाडीत सगळ्यांना सांग.

गोजर


वडाचीवाडी
२५ जानेवारी १९६५

गोजरे,

दोर आला. काळूरामानं स्टँडवर सगळ्यांदेखत हातात दिला आणि विचारलं, आजी, म्हैस घेतली काय? म्हटलं, हो, तुझ्यासारखीच आहे, रवंथ फार करते.

घरी आणून धाऊला सांगितलं, गोजरनं पाठवलाय, कमरेला बांधायचा. पोरानं दोराकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरला. विस्तव टाकल्यासारखा. मग म्हणाला, "आज्याला सरकारनं बांधलं. मला घरच्या बायकांनी बांधायचं काय?"

  जयरामानं दोर बघून तोंड भिंतीकडे केलं. बाईजा म्हणाली, सासूबाई, हे घरात नको. शेजारच्या अंबूबाईच्या पोरांनी अंगणातून विचारलं, कोणाला पकडलं? ती हसली आणि धाऊच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

खरं सांगते, मी पण त्याला हात लावला नाय. पिशवीतून काढला तो काठीनं काढला, आणि काठीनंच गोठ्यात टाकला. तुमच्या डॉक्टरनं झाड बघितलं, दव बघितलं, फांदी बघितली. कमरेचा दोर म्हणजे इथे काय, ते त्याला कोण सांगणार? तू आमच्यातली असून तुलाच लक्षात आलं नाय.

उजाडल्यावर जा असं पण सांगितलं. म्हणाला, म्हणजे गार्डला हाक मारून चढू? त्याचं पण चूक नाय.

पुढल्या मंगळवारपासून जाणार आहे, पहाटे. अंबूबाईच्या पोरांबरोबर ठरलंय.

फळीचं मी वाडीत सांगितलं. ते का लिहिलंस ते मला कळलं. दोनदा वाचलं. त्याच्याबद्दल आता एकमेकींना लिहायचं नाय.

सकुबाई


शहापूर
२८ जानेवारी १९६५

आजी,

घाईत लिहिते. काल सकाळी डोळखांबवरून एक पोरगा दवाखान्यात आणला. बुध्या. धाऊएवढाच. कोवळ्या फांदीवरून पडला आणि त्याला पाठीवर टाकून रस्त्यापर्यंत आणला. त्याच्या खाटेशी बसून लिहिते आहे. तो सारखं एकच विचारतो, बाई, मला कधी उठवणार?

मला सुट्टी मिळत नाही, नाहीतर धावत आले असते. दोराचं माझं चुकलं. मला आजोबांचं तू सांगितलं होतंस, तरी दोर पाठवताना मला ते आठवलं नाही.

दोर नको म्हणतो तर नको. पण त्याला पहाटेचा जाऊ देऊ नकोस. ऊन पडू दे, झाड सुकू दे. गार्ड पकडेल तर पकडू दे. मुरबाडला नेलं तर मी येऊन सोडवीन, त्याला सोडवता येतं. बुध्याला मी कशी सोडवू?

हे पत्र सोमवारी तुझ्या हातात पडावं म्हणून पोस्टमनच्या हातात देते आहे.

गोजर


वडाचीवाडी
६ फेब्रुवारी १९६५

गोजरे,

पत्र सोमवारी पडलं. पोस्टमन आज वाचून दाखवू का म्हणाला नाय, माझं तोंड बघून गेला.

मंगळवारी धाऊ उठला. कमरेला आकडी बांधली, तिच्यात कोयता अडकवला, दार उघडलं. उंबऱ्यात मी बसले होते. गोठ्यातून दोर आणून माझ्या कमरेला बांधला होता. गाठ पुढे, शेपूट जमिनीवर, तुझ्या आज्याला होती तशी. तो म्हणाला, आजी, हे काय? मी म्हटलं, ओलांडून जा.

आता मला ओलांडून जायची त्याची छाती नाय. बसला. अंबूबाईची पोरं बाहेरून शिट्ट्या घालून घालून निघून गेली. दात-ओठ खात होता, मला काय काय म्हणाला ते लिहीत नाय. मला वाटत होतं, आता मागच्या दारानं जाईल, आणि मग मी काय करणार होते? पाय माझे बसून बसून बधिर झाले होते. पण मागचं दार त्याच्या डोक्यात आलं नाय, का आलं नि गेला नाय, ते मी विचारलं नाय.

ऊन ओसरीवर आलं तेव्हा मी उठले. दोराचं शेपूट त्याच्या हातात दिलं, म्हटलं, चल. घे म्हटलं तेव्हा घेतलं. तशीच वाडीतून चालत गेले, मी पुढे, तो मागे. लोक भांडी टाकून बघत होते. अंबूबाईनं दारातून विचारलं, सकू, तुला कुठे नेतोय गो? म्हटलं, झाडावर चढवायला. कोणी हसलं नाय. हसायचं तर माझ्यावर हसावं लागलं असतं, आणि मग माझं तोंड सगळ्यांना ठाऊक आहे.

आईनापाशी पोचलो. साल कोरडी खडखडीत होती. धाऊनं माझ्या कमरेची गाठ सोडली. हातात दोर धरून उभा राहिला थोडा वेळ. मी रानाकडे बघत होते. परत बघितलं तर त्यानं स्वतःला बांधून घेतला होता.

चढला. तू लिहिलंस तसा बेचक्यातून घातला, खाली खोडाला वेढे मी दिले, गाठ मी मारली. म्हशीची मारते तीच. बराच टाहाळ पाडला. मग एक फांदी कडकडली आणि पोरगं सुटलं.  दोर ताणला, खोड कण्हलं, आणि धाऊ मधोमध लोंबकळला, पोटावर दुमडलेला, तोंड लाल. कोयता माझ्या पायाशी येऊन रुतला. त्यानं झोके घेत घेत खोड पकडलं आणि खाली उतरला. उतरून बसला आणि भडाभडा ओकला. मी पाठ चोळली नाय. रुतलेला कोयता उपटून पुसत उभी राहिले. 

एवढ्यात गार्ड. भर उन्हात घाव ऐकल्यावर येणारच. बरोबर डोंगराकडून येणारी दोन-तीन माणसं. आधी टाहाळाकडे बघितलं, मग आमच्याकडे. खांद्यावरचा दोर काढला. म्हणाला, चला.

मी धाऊची कमर दाखवली. म्हटलं, "बांधायचं काम आमी घरूनच करून आलोय. तू नुसता ओढ."

तो घुटमळला. विचारलं, हा दोर कशाला? मग मी सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं. म्हटलं, तुझ्या भीतीनं माणसं अंधारात चढतात, ओल्या झाडावरून पडतात, आणि आमी म्हणतो माळ्यावरून पडली. माझा जयराम याच रानात पडला. घरी चल, तो खाटेवर आहे, त्याला पण बांधून ने. बरोबरची माणसं खाली बघत होती. आता वाडीचं झाकलेलं उघडं पडलं, मला शिव्या पडतील. अंबूबाईनं त्या दिवसापासून बोलणं टाकलंय, तेवढीच शांतता.

गार्डनं स्वतःचा दोर परत खांद्यावर टाकला. पण सोडलं नाय. नाव लिहून घेतलं, भारे नेले, कोयता नेला. येत्या शुक्रवारी धाऊला मुरबाडला बोलावलंय. तू ये. डॉक्टरला यायचं असेल तर येऊ दे, आणि वर लिहायचं ते आता नाव घालून लिहू दे. जयरामाचं नाव घाला, वाडीचं नाव घाला. बाकी कोणाचं घालायचं ते त्यांना विचारा. राबाचं या साली कसं करायचं ते मला अजून सुचलं नाय. अर्धी जमीन तशीच राहील असं दिसतं. भाताचं पुढे बघू.

जयरामानं सगळं ऐकलं. या वेळी तोंड वळवलं नाय. दोन पोरं संध्याकाळी येऊन दोर मागून गेली, मागच्या दारानं आली आणि मागच्या दारानं गेली. अजून तेवढी लाज आहे. जाईल.

धाऊच्या कमरेभोवती काळानिळा वळ उठलाय. तेल लावून दे म्हणाला, लावलं. मग जेवायला बसला आणि पाणी मागितलं. मी म्हटलं, बापाला मी हातात देते, तुला देणार नाय. ऊठ आणि घे.

कुरकुरत उठला.

सकुबाई